नीना झेनिकसाठी वॉफल्स, रशियन पद्धतीची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नीना कोण, आणि वॉफल्स तिच्याच नावानं का?

ली बार्डुगो यांच्या ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५) आणि ‘क्रूकेड किंग्डम’ (२०१६) या दोन कादंबऱ्यांत सहा जणांची एक टोळी आहे. नीना झेनिक त्या सहांपैकी एक. समोरच्याच्या हृदयाचे ठोके नुसत्या हाताच्या खुणेनं कमी-जास्त करू शकणारी ही मुलगी जेवणाखाण्यावर मनापासून प्रेम करते, आणि सगळ्यात जास्त वॉफल्सवर. कितीही वाईट वेळ आली तरी तिला पुढच्या गोड घासाची आशा असते. पोरीनं पोटभर, मन भरून खावं आणि त्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये, हे या पुस्तकात इतक्या सहजपणे येतं की वाचणाऱ्या कितीतरी जणी तिच्यावर तिथेच जीव टाकतात. दुसऱ्या भागात तिची भूकच हरवते तेव्हा काळजात चर्र होतं, तेही त्याचमुळे. ज्यांनी अजून वाचलं नाही त्यांच्यासाठी याहून जास्त सांगत नाही.

नीना पुस्तकात खाते ती वॉफल्स रशियन आहेत का?

नाहीत. नीना रावका देशाची, आणि रावका हा झारकालीन रशियावरून घडवलेला देश. पण वॉफल्स तिला भेटतात केटरडॅममध्ये. कालवे, गोदामं, व्यापारी आणि जुगारखाने असलेलं हे बंदर सरळसरळ जुन्या ॲमस्टरडॅमच्या धर्तीवर उभं आहे. म्हणजे तिची वॉफल्स डच-बेल्जियन वळणाची धरायला हवीत.

मग ती रशियन पद्धतीनं करायची कशाला? कारण नीना घरापासून लांब आहे. परक्या शहरात आवडलेला पदार्थ आणि आपल्या घरची चव या दोन्ही गोष्टी एका ताटात आणायच्या असतील, तर वॉफल केटरडॅमचं आणि त्यातलं दूध-दुभतं, फळं रावकाची, असं करावं लागतं. रशियन स्वयंपाकघरात वॉफल खरोखरच असं होतंही. आकार युरोपातून आलेला, पण चव येते आटवलेल्या दुधाची, आंबवलेल्या सायीची आणि पाकातल्या फळांची. या तीन गोष्टी जमल्या की वॉफल रशियन झालं, मग साचा कुठलाही असो. आणि या तिन्ही गोष्टी मराठी घराला अजिबात नवख्या नाहीत.

रशियात वॉफल म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं?

तीन वेगवेगळ्या वस्तू. पहिली दुकानातली: पातळ कुरकुरीत पापुद्र्यांमध्ये गोड थर भरलेली, आपण ज्याला क्रीम वेफर म्हणतो ती. तिथे ‘आर्तेक’ नावाची वेफर सोव्हिएत काळापासून ओळखीची आहे. क्रिमियात १९२५ साली सुरू झालेल्या मुलांच्या शिबिराचंही हेच नाव.

दुसरी घरची: जड ॲल्युमिनियमच्या साच्यात भाजलेला पातळ, नक्षीदार, गोल पापुद्रा. गरम असतानाच त्याची नळी वळतात आणि आत क्रीम भरतात. या नळ्यांना ‘त्रूबच्की’ म्हणतात. विजेवर चालणारे हे जड साचे सोव्हिएत काळात घरोघरी होते आणि आजही कित्येक घरांत आजीचाच साचा नातवंडं वापरतात.

तिसरी म्हणजे जाड खणांची मऊ वॉफल्स. तिकडे त्यांना ‘व्हिएन्नाची वॉफल्स’ म्हणतात.

मला नीनासाठी दुसरी, नळीची, सगळ्यात योग्य वाटते. हातात धरून चालता चालता खाता येते, आणि खिशात टॉफी घेऊन फिरणाऱ्या मुलीला ते शोभतं.

नळ्यांसाठी साहित्य किती घ्यायचं?

तीन अंडी आणि साखर, लोणी, मैदा हे तिन्ही सारखे, प्रत्येकी १२५ ग्रॅम. चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला. एवढ्यात मध्यम आकाराच्या पंधराएक नळ्या होतात.

रशियन घरांतल्या जुन्या कृती ग्रॅममध्ये नसतात, ग्लासात असतात. हा ग्लास २५० मिलीचा धरला, तर त्यात साखर साधारण २०० ग्रॅम बसते आणि मैदा १६० ग्रॅम. कुठे जुनी कृती सापडली आणि ‘एक ग्लास साखर, एक ग्लास पीठ’ असं दिसलं, तर दोन्हींचं वजन सारखं धरू नका, नाहीतर पीठ फार घट्ट होईल.

साखर कमी करण्याचा मोह इथे आवरावा. ती फक्त गोडीसाठी नसते. भाजताना साखर वितळते म्हणून पापुद्रा लवचिक राहतो आणि वळता येतो. गार होताना तीच घट्ट बसते म्हणून नळी कुरकुरीत होते. साखर निम्मी केली तर वळताही येत नाही आणि कुरकुरीतपणाही येत नाही. गोड कमी हवं असेल तर आतलं सारण आंबटसर करा.

करायचं कसं?

लोणी वितळवून कोमट होऊ द्या. अंडी, साखर आणि मीठ साखर विरघळेपर्यंत फेटा. फार फेस आणायची गरज नाही. त्यात लोणी, मग चाळलेला मैदा. गुठळ्या मोडल्या की थांबा. मिश्रण पळीवरून जाडसर धारेनं पडलं पाहिजे. झाकून अर्धा तास ठेवा, तेवढ्यात मैदा ओल धरतो आणि पापुद्रा एकसारखा पसरतो.

साचा चांगला तापू द्या. पहिल्या वेळी लोण्याचा हात फिरवा. नंतर लागत नाही, कारण पिठातच भरपूर लोणी आहे. मधोमध एक मोठा चमचा पीठ घाला आणि साचा मिटून काही क्षण दाबून धरा. वाफ येणं कमी झालं की झालं असं समजा. दीड ते दोन मिनिटं लागतात. रंग सोनेरी हवा. फिकट काढलं तर मऊ पडतं.

आता घाई. पापुद्रा साच्यातून काढला की दहा सेकंदांच्या आत वळायचा. जाडसर पोळपाटावर ठेवा, लाकडी कालथ्याच्या दांड्याभोवती किंवा लाटण्याच्या बारीक टोकाभोवती गुंडाळा, शेवटची कड खाली दाबून काही क्षण धरा. हाताला चटके बसतात, म्हणून सुती हातमोजे घाला किंवा स्वच्छ फडक्यानं वळा. दोन माणसं असतील तर फार छान: एकानं भाजायचं, दुसऱ्यानं वळायचं. रशियन घरांतही हे काम बहुतेक वेळा आजी आणि नातवंडं मिळूनच करतात.

वळताना मोडतंय. काय चुकतंय?

बहुतेक वेळा उशीर. साचा उघडा ठेवून पापुद्रा त्यातच राहिला तरी तो कडक व्हायला लागतो. दुसरं कारण म्हणजे कडा जास्त भाजल्या गेल्या. साचा दोन्ही बाजूंनी सारखा तापत नसेल तर असं होतं. पीठ थोडं कमी घाला आणि मधोमध घाला. लगेच वळूनही तडे जात असतील तर पिठात मैदा जास्त झालाय, चमचाभर दूध घालून पाहा.

माझ्याकडे जाड खणांचा बेल्जियन वॉफल मेकर आहे. त्यात हे होईल का?

नळ्या होणार नाहीत. खण खोल असल्यानं पापुद्रा पातळ येत नाही. पण त्यात रशियन घरांतली सायीच्या दह्याची मऊ वॉफल्स उत्तम होतात: तीन अंडी, ७५ ग्रॅम साखर, १०० ग्रॅम वितळलेलं लोणी, २०० ग्रॅम स्मेताना (म्हणजे विरजलेली साय, कुठे मिळेल ते पुढे सांगितलंय), २०० ग्रॅम मैदा, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. पिवळं बलक साखर-लोण्याबरोबर फेटायचं, पांढरं वेगळं फेसायचं आणि शेवटी हलक्या हातानं मिसळायचं. बाहेरून खुसखुशीत, आतून ओलसर, आणि मागे राहणारी हलकीशी आंबट चव. या चवीसाठीच मी ती करते. मैद्यातला चौथा हिस्सा काढून तिथे कुट्टूचं पीठ घातलं तर चव आणखी रशियन होते. कुट्टू म्हणजे तिकडचं ‘ग्रेच्का’, रोजच्या जेवणातलं धान्य.

साचा विकत घ्यायचा असेल तर?

‘वॉफल कोन मेकर’ शोधा. आइस्क्रीमचे कोन करायचा हा साचा सपाट आणि उथळ नक्षीचा असतो आणि सोव्हिएत साच्याच्या अगदी जवळ जातो. गॅसवर ठेवायचा, दोन दांड्यांचा, उलटता येणारा साचाही चालतो. तिकडे तसेही असत. काहीच नसेल तर जाड नॉनस्टिक तव्यावर पीठ पातळ पसरून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. नक्षी येत नाही, नळी मात्र येते.

स्गुश्चोन्का म्हणजे काय? आणि ती उकळतात कशी?

स्गुश्चोन्का म्हणजे साखर घालून आटवलेलं डब्यातलं दूध, आपलं कंडेन्स्ड मिल्क. निळ्या-पांढऱ्या नक्षीचा तिचा डबा सोव्हिएत काळातल्या प्रत्येकाच्या आठवणीत आहे. नळ्यांमध्ये ती तशीच भरत नाहीत, आधी उकळून तपकिरी, घट्ट करतात. दुधातली प्रथिनं आणि साखर उष्णतेनं एकत्र येतात, रंग गडद होतो आणि चव पार बदलते. साताऱ्याचा कंदी पेढा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना ही चव पहिल्याच घासाला ओळखीची वाटेल. तिथेही भाजलेल्या दुधाचीच करामत आहे.

रशियन रीत अशी, की न उघडलेला डबाच पाण्यात बुडवून दोन ते तीन तास उकळायचा. ही रीत तुम्ही करू नये असं मला ठामपणे वाटतं. पाणी आटून डबा उघडा पडला की आतला दाब वाढतो आणि डबा फुटतो. रशियात छतापर्यंत उडालेल्या स्गुश्चोन्काच्या हकिकती घरोघरी ऐकायला मिळतात. त्यातून हल्ली कडी ओढून उघडायचे डबे येतात, त्यांचं झाकण मुळातच कमजोर असतं.

आपल्याकडे प्रेशर कुकर आहे, तो वापरा. डबा उघडून दूध स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ओता, वरचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा. कुकरमध्ये डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घाला. एक शिट्टी झाली की आच मंद करून पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. गार झाल्यावर चमच्यानं घोटा. आधी गुठळ्या दिसतात, मग मऊशार होतं.

नुसतं हेच भरलं तरी चालतं. पण खरा थाट क्रीमचा: २०० ग्रॅम मऊ लोणी आधी पांढरं होईपर्यंत फेटायचं, मग एका डब्याची उकळलेली स्गुश्चोन्का चमच्या-चमच्यानं त्यात घालायची. दोन्ही एकाच तापमानाला हवं, नाहीतर क्रीम फुटतं. लोणी बिनमिठाचं घ्या.

स्मेताना कुठे मिळेल?

विकत शोधत बसू नका. तुपासाठी सायीला विरजण लावलेलं भांडं तुमच्या घरी असेल, तर घुसळण्याआधीचं ते सायीचं दही म्हणजे जवळजवळ स्मेतानाच. स्मेताना म्हणजे विरजलेली साय, दुसरं काही नाही. फक्त आठवडाभर साठवलेली साय घेऊ नका, तिला उग्र वास येतो. एका-दोन दिवसांची ताजी साय विरजा.

साय साठवत नसाल तर पाकिटातल्या फ्रेश क्रीमला कोमट करून चमचाभर ताजं दही लावा. आठ-दहा तासांत लागतं, मग फ्रीजमध्ये ठेवलं की घट्ट होतं. या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, आणि रशियन दुकानांतही स्मेताना १५, २०, २५ टक्के असे आकडे लिहूनच मिळते. चक्का वापरून पाहावासा वाटेल, पण त्यात स्निग्धांश कमी असल्यानं वॉफल कोरडं होतं.

अंडं न घालता करता येतील का?

हो, आणि तीही रशियन परंपरेतच आहेत. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासात मांसाबरोबर अंडी आणि दूधही वर्ज्य असतं, त्यामुळे उपवासाच्या वॉफल्सची वेगळी रीतच आहे: पीठ, पाणी, साखर, तेल. १५० ग्रॅम मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोर, ७५ ग्रॅम पिठीसाखर, ५० मिली तेल, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं, साधारण २०० मिली पाणी. तिकडे कॉर्नफ्लोरऐवजी बटाट्याचा स्टार्च घालतात. ही नळी फिकट, हलकी आणि फार कुरकुरीत होते. ती आणखी लवकर कडक होते, म्हणून हात चपळ हवा. साचाही प्रत्येक वेळी तेलानं पुसून घ्यावा लागतो.

रशियन कृतींत सोड्यावर व्हिनेगर ओततात, ते कशासाठी?

सोड्याला फसफसायला आंबट लागतं, म्हणून चमच्यातच सोडा घेऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकायची तिकडे सवय आहे. पण त्यातला बराचसा वायू चमच्यातच उडून जातो. पिठात स्मेताना किंवा ताक असेल तर वेगळं व्हिनेगर नकोच, तोच आंबटपणा पुरतो. नळ्यांच्या पिठात तर सोडाच घालू नये. पापुद्रा फुगला की तडकतो.

ग्रिशांच्या केफ्त्यांच्या रंगांची वॉफल्स करायची आहेत. रंग कसे आणू?

हा प्रश्न विचारला की मला फार आनंद होतो. ग्रिशा म्हणजे पुस्तकातले नीनासारखी जादुई शक्ती असलेले लोक, आणि केफ्ता म्हणजे त्यांचा भरतकाम केलेला लांब झगा. रावकातल्या ग्रिशांच्या तीन गटांचे तीन मुख्य रंग: शरीरावर ताबा चालवणाऱ्या कॉर्पोराल्कींचा लाल, वारा-पाणी-आग हाताळणाऱ्या इथेरेआल्कींचा निळा, मटेरिआल्कींचा जांभळा. बाजारच्या रंगांशिवाय तिन्ही जमतात.

लालसाठी स्ट्रॉबेरी किंवा आंबट चेरीचं वारेन्ये, म्हणजे पाकातली फळं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात भरपूर असते तेव्हाच करून ठेवा. नीना स्वतः लाल केफ्त्याची, आणि तिच्यासारख्या हृदयावर ताबा चालवणाऱ्या हार्टरेंडरांच्या लाल केफ्त्यावर काळं भरतकाम असतं, म्हणून तिच्या नळीवर वितळलेल्या डार्क चॉकलेटच्या बारीक रेघा ओढा.

निळ्यासाठी गोकर्णीची निळी फुलं. दहा-बारा फुलं दोन चमचे गरम पाण्यात भिजवून ते पाणी गार करा आणि पिठीसाखर घालून फेटलेल्या क्रीममध्ये मिसळा. इथे स्मेताना नको, साधं गोड क्रीमच हवं, म्हणजे निळा स्वच्छ राहतो.

जांभळ्यासाठी त्याच फुलांचं पाणी घ्या, त्यात साखर घालून पाक करा आणि लिंबू पिळा. डोळ्यांदेखत निळ्याचा जांभळा होतो, कारण फुलातलं रंगद्रव्य आंबटपणानुसार रंग बदलतं. वस्तूंचे गुणधर्म बदलणाऱ्या मटेरिआल्कींना याहून साजेसं काही सुचत नाही. मुलं जवळ असतील तर लिंबू त्यांच्याच हातात द्या.

वारेन्ये आणि जॅम एकच का?

नाही. वारेन्येत फळं अख्खी किंवा मोठ्या फोडींची राहतात आणि पाक पातळ असतो. जॅमपेक्षा ते आपल्या मोरांब्याच्या जवळचं. फळं साखरेत काही तास मुरवायची, मग थोडं उकळून गार करायचं, असं दोन-तीनदा. एकदम खूप वेळ उकळलं तर फळं विरघळून जातात. तुती असेल तर अवश्य करा, रंग आणि आंबटपणा दोन्ही छान येतात. नळीत भरताना फक्त फळं भरा, पाकानं नळी लगेच मऊ पडते. पाक मऊ वॉफलवर ओतायला ठेवा.

सोबत प्यायला काय?

कोरा काळा चहा, लिंबाची चकती घालून. रशियात गोडाबरोबर तोच असतो, धातूच्या नक्षीदार पकडीतल्या काचेच्या ग्लासात. पुस्तकातले रावकाचे लोक क्वास पितात, पण त्या क्वासनं नशा चढते. खऱ्या रशियात क्वास म्हणजे राईच्या पावापासून आंबवलेलं, जेमतेम मद्यांश असलेलं, उन्हाळ्यातलं साधं पेय. गोड नळ्यांबरोबर मला चहाच बरा वाटतो.

भाजायला वेळच नाही, तरी नीनाच्या नावानं काही करायचंय.

तयार पातळ वेफरचे मोठे पापुद्रे मिळाले तर उकळलेल्या स्गुश्चोन्काचा थर देत एकावर एक रचा, वर पाट ठेवून त्यावर थोडं वजन ठेवा, आणि दोन-तीन तासांनी चौकोनी कापा. सोव्हिएत काळापासून घरोघरी होणारा हा वॉफल केक. रात्रभर ठेवलात तर खालचे थर मऊ आणि वरचे कुरकुरीत असं होतं. अनेकांना तो तसाच जास्त आवडतो.

आदल्या दिवशी करून ठेवता येतील का?

रिकाम्या नळ्या हो. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, आठवडाभर टिकतात. पावसाळ्यात, त्यातही मुंबईत किंवा कोकणात, उघड्या ताटात तासाभरात मऊ पडतील. पडल्याच तर मंद ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवून गार करा, पुन्हा कडक होतात. क्रीमही आधी करून फ्रीजमध्ये ठेवता येतं, फक्त भरण्याआधी तासभर बाहेर काढा.

भरायचं मात्र खाणारे दारात आल्यावर. पायपिंगची पिशवी नसेल तर दुधाच्या पिशवीचं टोक कापून दोन्ही बाजूंनी भरा, म्हणजे मधला भाग रिकामा राहत नाही. आणि माणशी दोन असा हिशेब धरू नका. नीनाच्या नावानं करताय, चार तरी धरा.